रजेचं कारण : अन्य

पगाराचं काम बघणाऱ्या माणसाला ऑफिसातली निम्मी गुपितं न विचारता कळतात. कोण नोकरी सोडायच्या बेतात आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचं नवराबायकोचं फाटलंय, सगळं रजेचे अर्ज आपणहून सांगतात. इथे न्यूझीलंडमध्ये, बांधकामाचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत मी गेली सहा वर्षं हेच काम करते. तर एका सप्टेंबरात गोदामातल्या एका माणसाचा अर्ज माझ्या स्क्रीनवर आला. नऊ दिवस, विनावेतन. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कारणांची यादी उघडते : वार्षिक, आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, बाळंतपण, कोर्टात ज्यूरी म्हणून बोलावणं. त्याने सगळ्यात खालचं कारण निवडलं होतं, 'अन्य'. शेजारच्या चौकटीत तीनच शब्द. न्यूझीलंड सॉफ्टबॉल शिबिर.

मला वाटलं, मुलीचं असणार. मुलीला शिबिराला घेऊन जायचं असेल. लेकीसाठी नऊ दिवसांच्या पगारावर पाणी सोडणारा बाप म्हणून मनातल्या मनात मी त्याला शाबासकीही देऊन टाकली. अर्ज पुढे सरकवायच्या आधी फोन केला आणि सहज विचारलं, "किती वर्षांची आहे मुलगी?"

"चार," तो म्हणाला. "पण शिबिर माझं आहे."

मी सॉरी म्हटलं. तो हसला. सवय असल्यासारखा हसला, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

माझ्या अज्ञानाला थोडा इतिहास आहे. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळलेली आहे. खेळलेली म्हणजे काय, पी.टी.च्या सरांना संघ पाठवायचा होता आणि नऊ मुली भरत नव्हत्या, म्हणून मला राइट फील्डला उभी केली होती. तिकडे चेंडू फारसा येत नाही हे सरांना ठाऊक होतं, आणि माझ्याकडे आलेला चेंडू परत जात नाही हेही. तेव्हापासून डोक्यात बसलेलं समीकरण असं, की बेसबॉल मुलांचा, सॉफ्टबॉल मुलींचा. मोठी बाप्ये माणसं हा खेळ जिवावर उदार होऊन खेळतात, त्याच्या विश्वचषक स्पर्धा होतात, हे माझ्या गावीही नव्हतं.

अर्जाकडे परत येते. इथे कायद्याने वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. मी त्याचा जुना हिशोब उघडून पाहिला. चारही आठवडे संपलेले. क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा, जिल्ह्याचा संघ, त्याआधीचं एक शिबिर. बायकोमुलांबरोबर घालवलेला म्हणावा असा एक दिवस नाही त्यात. उरलेले नऊ दिवस म्हणून बिनपगारी. म्हणजे देशाच्या शिबिराला निघालेल्या माणसाचा पगार मी माझ्या हाताने कापला आणि 'मंजूर'चं बटण दाबलं. क्रिकेटवर पोसलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

इथल्या राष्ट्रीय संघांची नावं एकाच कापडातून बेतलेली आहेत. रग्बीचे ऑल ब्लॅक्स. क्रिकेटचे ब्लॅक कॅप्स, जे आपल्याला २०१९ च्या उपांत्य सामन्यापासून जरा जास्तच लक्षात आहेत. हॉकीचे ब्लॅक स्टिक्स, बास्केटबॉलचे टॉल ब्लॅक्स. आणि पुरुष सॉफ्टबॉलचे ब्लॅक सॉक्स. काळे मोजे! त्या रात्री मी इंटरनेटवर हे नाव शोधलं, तर सगळ्यात आधी पुढ्यात आला अमेरिकन बेसबॉलमधला १९१९ चा सट्ट्याचा घोटाळा. त्यालाही हेच नाव पडलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीचे पैसे खाऊन हरलेले लोक वर, आणि जगज्जेते त्यांच्या खाली.

जगज्जेते म्हणजे किती वेळा? १९७६, १९८४, १९९६, २०००, २००४, २०१३, २०१७. सात वेळा. पैकी १९७६ चं विजेतेपद वाटून घेतलेलं (त्याची गोष्ट पुढे येतेच), पण १९९६ पासून २००४ पर्यंत सलग तीन. पुरुष सॉफ्टबॉलमध्ये इतकी विजेतेपदं जगात दुसऱ्या कुठल्याच देशाकडे नाहीत. ज्या ऑल ब्लॅक्सच्या नावाने हा देश श्वास घेतो, त्यांचे विश्वचषक तीन.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत मी प्रश्न टाकला. न्यूझीलंडचा कुठला संघ सात वेळा जगज्जेता झालाय? कोणी नेटबॉल म्हणालं, कोणी नौकानयन. हिशोबखात्यातला एक गृहस्थ अत्यंत गंभीरपणे 'मेंढ्यांची लोकर कातरणं' म्हणाला. आमचा गोदामातला माणूस, म्हणजे संघाचा पिचर (चेंडू टाकणारा), त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर सँडविच खात बसला होता. तो काही बोलला नाही.

त्याचा खेळ बघायला मी गेले ती खरं तर अपराधी वाटत होतं म्हणून. नोव्हेंबरातला शनिवार. इथे तेव्हा उन्हाळा सुरू होतो, आणि क्रिकेटही त्याच महिन्यांत, त्यामुळे माणसं आणि वर्तमानपत्रातली जागा दोन्ही तिकडे आधीच गेलेली असतात. आम्ही राहतो ते लोअर हट, वेलिंग्टनच्या शेजारचं. (राहायला आल्यावर पहिला आठवडा कोणीतरी सारखं 'हट' म्हणून हाकलतंय असं वाटायचं.) ट्रेनने ताइता स्टेशनला उतरून फ्रेझर पार्कवर पोचले, तर प्रेक्षक मोजून तीसेक. त्यातले निम्मे पुढच्या सामन्याचे खेळाडू. उरलेल्यांत बायका, पोरं, एक कुत्रा. वेलिंग्टनच्या बाजूचा वारा हे एक वेगळंच प्रकरण आहे. बेसच्या (धावत गाठायच्या ठाण्यांच्या) मधली लाल माती उडून डोळ्यांत, केसांत, कॉफीत.

होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे जाळीला खेटून घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली. मांडीवर स्कोअरबुक, पानं उडू नयेत म्हणून चारी बाजूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि रबर लावून बांधलेल्या चार पेन्सिली. मी शेजारी उभी राहिले तशी त्यांनी मान न वळवता म्हटलं, "बसायचं तर बस, पण या डावात बोलू नकोस." मी बसले.

आणि मग मी आमच्या गोदामातल्या माणसाला चेंडू टाकताना पाहिलं.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून टाकायचा नाही, कमरेखालूनच टाकायचा. ऐकायला हे पोरखेळ वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर तो एका पायावर रेटा देऊन पुढे झेपावतो, हात खांद्यातून पवनचक्कीसारखा एक पूर्ण फेरा मारतो, मांडीजवळून खाली येताना मनगटाचा फटका बसतो आणि चेंडू सुटतो. या पद्धतीचं नावच विंडमिल. हात फिरताना दिसतो, चेंडू सुटताना दिसत नाही. एकदम बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमधला आवाज ऐकू येतो, जाड सतरंजीवर काठी हाणावी तसा. पहिल्या दोन चेंडूंना मी दचकले. तिसऱ्याला बॅटर नुसता बघत राहिला आणि आजींनी चौकटीत इंग्रजी 'के' काढला, तोही आरशात दिसावा तसा उलटा. के म्हणजे तीन चेंडू हुकून बाद. बॅट फिरवून बाद झाला तर सुलटा के, उभ्या उभ्या बघत राहिला तर उलटा. त्या दिवशी त्या पानावर उलट्या केंची रांग लागली होती.

आता थोडं गणित, कारण माझ्या नवऱ्याला गणिताशिवाय काही पटत नाही. पुरुषांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यात अंतर असतं ४६ फूट, म्हणजे जेमतेम १४ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरच्या वर, बेसबॉलचं अंतर साधारण साडेअठरा मीटर. जगातले अव्वल पिचर ताशी १३० किलोमीटरच्या आसपास टाकतात. त्या वेगाने १४ मीटर कापायला चेंडूला ०.३९ सेकंद लागतात, आणि पिचर पुढे झेपावून सोडतो म्हणून खरं तर त्याहून कमी. बेसबॉलच्या अंतरावरून बॅटरला इतकाच वेळ द्यायचा तर ताशी १७० किलोमीटरने टाकावा लागेल. बरं, चेंडू 'सॉफ्ट' म्हणावा तर त्याचा घेर १२ इंच, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जडच. बेस एकमेकांपासून ६० फुटांवर. बॅटर तीन सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो, त्यामुळे क्षेत्ररक्षकाने चेंडू एकदा चाचपडला की संपलं.

नवरा म्हणाला, "कमरेखालून? ताशी १३०? जा गं."

हा माझा नवरा इथल्या क्लब क्रिकेटमध्ये खालच्या श्रेणीत सलामीला जातो. आपण फार वेगवान गोलंदाजी खेळलेली आहे असं त्याचं मत आहे. मोसम संपताना क्लबने घरच्या मंडळींसाठी एक दिवस ठेवला होता, तिथे मी त्याला नेला. आमच्या पिचरने फक्त पाच चेंडू टाकायचे, याने एकदा तरी बॅट लावायची. हेल्मेट घालून हा उभा राहिला, क्रिकेटच्या सवयीने बॅट खाली टेकवली, मग आठवण होऊन वर उचलली. पहिला चेंडू ग्लोव्हमध्ये पोचल्यावर याने बॅट फिरवली. पोचल्यावर, मी शपथेवर सांगते. दुसऱ्याला लवकर फिरवली, तर तो चेंजअप निघाला, हात तोच आणि चेंडू मात्र रमतगमत आला. तिसरा राइजबॉल. चेंडू बोटांनी उलटा फिरवून सोडला की तो पडायला हवा तितका पडत नाही, त्यामुळे बॅटरला वाटतं तो चढतोय. याने पोटाच्या उंचीवर बॅट घातली, चेंडू गळ्यापाशी होता. चौथ्याला याने डोळे मिटले असं कॅचर म्हणतो. पाचवा बॅटला लागला! हाताला झिणझिण्या आणणारा आवाज करून चेंडू मागच्या जाळीत गेला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या ट्रेनमध्ये बराच वेळ हा गप्प होता. मग म्हणाला, "हे लोक टीव्हीवर का नाहीत?"

त्याची उत्तरं मी नंतर गोळा केली, काही वाचून, बरीचशी आजींकडून.

पहिला गुन्हेगार म्हणजे नाव. हा खेळ १८८७ मध्ये शिकागोत जन्मला, तोही घरात. फॅरागट बोट क्लबमध्ये फुटबॉलच्या निकालाची वाट बघत बसलेल्या टोळक्यातल्या एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो दांडक्याने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसाने त्यातून खेळ काढला. पुढे त्याला मांजरीच्या पिल्लाचा चेंडू, लगद्याचा चेंडू असली नावंही होती. १९२६ मध्ये डेन्व्हरच्या वॉल्टर हॅकन्सनने 'सॉफ्टबॉल' सुचवलं आणि तेच चिकटलं. आजी म्हणतात, त्या माणसाला एकदा आमच्या पिचरसमोर उभं करायला हवं होतं.

पण नावाने इतकं बिघडत नसतं. अमेरिकेत तर एके काळी पुरुषांच्या फास्टपिचचा, म्हणजे याच वेगवान सॉफ्टबॉलचा, थाट होता. कारखान्यांचे संघ असत. इंडियानातल्या फोर्ट वेनच्या झोलनर पिस्टन्सचे मालक खरोखरच इंजिनाचे पिस्टन बनवायचे, आणि त्यांचाच बास्केटबॉलचा संघ पुढे डेट्रॉइट पिस्टन्स झाला. बास्केटबॉलचा जगप्रसिद्ध झाला, सॉफ्टबॉलचा विस्मरणात गेला. एडी फेगनर नावाचा पिचर तर फक्त चार जणांचा संघ घेऊन नऊ जणांच्या संघांना आव्हान देत देशभर फिरायचा, डोळ्यांना पट्टी बांधून टाकायचा. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर एका प्रदर्शनी सामन्यात त्याने बेसबॉलचे सहा दिग्गज ओळीने बाद केले. विली मेज आणि रॉबर्टो क्लेमेंटे त्यांत होते. म्हणजे त्या काळचे गावस्कर-रिचर्ड्स म्हणा.

मग हे सगळं गेलं कुठे? गंमत अशी, की खेळ मेला तो पिचर फार चांगले झाल्यामुळे. चेंडू बॅटला लागेचना. रविवारी दोन घटका मजा करायला आलेल्या माणसाला सलग तीन वेळा बाद होऊन घरी जायची हौस नसते. त्याने स्लोपिच धरलं, जिथे चेंडू कमान करून अलगद येतो आणि सगळ्यांना मारता येतो. शिवाय फास्टपिचचा पिचर घडायला वर्षं लागतात. गावात एक पिचर असला की संघ उभा राहतो. तो म्हातारा झाला, दुसरा घडला नाही, की संघ बसतो. हिरव्यागार मैदानासकट बसतो. आमच्याच क्लबात सध्या सोळा ते वीस वयाच्या मुलांमध्ये पूर्ण विंडमिल नीट टाकणारा एकच आहे, आणि तो बास्केटबॉलकडे झुकलाय.

आणि मग ऑलिम्पिक. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण यात खेळाचा काही दोषच नाही. ऑलिम्पिकच्या हिशोबात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल ही एक जोडी आहे. बेसबॉल पुरुषांचा, सॉफ्टबॉल बायकांचा. महिला सॉफ्टबॉल १९९६ मध्ये अटलांटाला आला, २००८ नंतर गेला, टोकियोला परतला, आणि २०२८ मध्ये पुन्हा आहे. पुरुषांचा आजवर एकदाही नाही. २०१३ मध्ये दोन्ही खेळांच्या जागतिक संघटना एक झाल्या, त्याने ही जोडी आणखी घट्ट झाली. पुरुषांची खुर्ची बेसबॉलने अडवलेली, तिथे सॉफ्टबॉलवाल्या पुरुषाने बसायचं कुठे? तेच उलट बाजूने बघा. बेसबॉल खेळणाऱ्या बायकांनाही दार बंदच आहे. त्यामुळे मुलींना मिळालं म्हणून मुलांचं गेलं असा जो सूर क्लबच्या बारमध्ये दोन ग्लासांनंतर लागतो, तो मला मुळीच पटत नाही. इथल्या महिला संघाने, व्हाइट सॉक्सने, १९८२ मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं होतं, आणि त्यांचेही हाल काही कमी नाहीत. भिंत दोघांच्यामध्ये कोणी तिसऱ्यानेच बांधलीय, आणि हे दोन्हीकडून एकमेकांवर ओरडतायत.

ऑलिम्पिक नाही म्हणजे नुसतं पदक नाही असं नव्हे. पैसा नाही. इथे उच्च दर्जाच्या खेळावर सरकारी पैसा खर्च करणारी संस्था मुख्यतः ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या पदकांवर डोळा ठेवून वाटप करते. नौकानयन, सायकलिंग यांच्या वाट्याला घसघशीत येतं. ते तसं करण्यात तर्क आहे, मी हिशोबातली बाई आहे, मला तो कळतो. पदकामागे किती डॉलर, हे मांडता येतं. पण जो खेळ त्या तक्त्यात बसतच नाही, तो सात वेळा जिंकला काय आणि सत्तर वेळा जिंकला काय, त्याची ओळच उघडत नाही. 'अन्य'.

मग पैसा येतो कुठून? सॉसेजमधून. हे मी थट्टेने लिहीत नाहीये. इथली पद्धत अशी, की शनिवारी-रविवारी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर तंबू टाकायचा, सॉसेज भाजायची, पावाच्या एका तुकड्यात कांद्याबरोबर गुंडाळून दोन-तीन डॉलरला विकायची. शाळेचं छप्पर, चर्चची घंटा, पोरांची सहल, सगळं याच्यावर चालतं. मी स्वतः दोन रविवार त्या तंबूत कांदे परतलेत. शेजारी आमचा पिचर चिमटा घेऊन उभा. एका गिऱ्हाइकाने डबीत सुटे टाकता टाकता विचारलं, "कशासाठी जमवताय?" पिचर म्हणाला, "सॉफ्टबॉलच्या दौऱ्यासाठी." गिऱ्हाईक म्हणालं, "वा, मुलींना शुभेच्छा सांगा!" याने शांतपणे टोमॅटो सॉस पुढे केला आणि म्हणाला, "सांगतो."

त्याच्यात कडवटपणा नाही याचं मला नवल वाटतं. माझ्यात आहे, त्याच्या वाट्याचाही.

इथली चांगली मुलं उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात कॅनडा-अमेरिकेतल्या क्लबांकडून खेळायला जातात. कोणाला विमानाचं तिकीट आणि राहायला खोली मिळते, कोणाला वर थोडा हातखर्च. खरी कमाई दुसरीकडेच आहे. माइक व्हाइट नावाचा न्यूझीलंडचा जुना पिचर घ्या. पुरुषांच्या फास्टपिचमध्ये नाव काढलं, आणि पुढे अमेरिकेत विद्यापीठांच्या महिला संघांचा प्रशिक्षक झाला. २०२५ मध्ये त्याच्या टेक्सस विद्यापीठाच्या मुली अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. डॉन ट्रिकरने ब्लॅक सॉक्सला २००० आणि २००४ मध्ये प्रशिक्षक म्हणून जिंकून दिलं, आणि नंतर त्याला उचलून नेलं कोणी, तर ऑल ब्लॅक्सने. म्हणजे या खेळातल्या माणसांची अक्कल सगळ्यांना हवी आहे. खेळ मात्र कोणाला नको.

हे बोलायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. 'पण बघ ना, हे लोक किती निर्मळ प्रेमापोटी खेळतात! पैसा आला की खेळ बिघडतो.' आमच्या ऑफिसातल्या वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांनी हे मला ऐकवलं, आणि मी पहिल्यांदा तिथे कोणाशी तरी आवाज चढवून बोलले. निर्मळ प्रेमाने विमानाचं तिकीट निघत नाही. प्रेमापोटी खेळतात हे खरंच आहे, पण ते प्रेम आहे म्हणून पगार कापायला आपल्याला परवानगी मिळते असं थोडंच आहे? या माणसाच्या बायकोने चार उन्हाळे एकटीने पोरीला समुद्रावर नेलंय. तिच्या प्रेमाचा हिशोब कुठल्या खात्यात टाकायचा? साहेब म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, धोरण बघू. ते अजून बघतायत.

१९७६ ची गोष्ट राहिलीच. ती आजींची.

त्या वर्षी पुरुषांची विश्वविजेतेपदाची स्पर्धा इथेच, आमच्या लोअर हटमध्ये झाली होती. आजी तेव्हा ऐन विशीत, पोटुशा, आणि डॉक्टरने 'घरी बसा' म्हटलेलं असताना रोज मैदानावर. अमेरिकेचा टाय स्टॉफलेट आणि न्यूझीलंडचा केव्हिन हर्लिही हे दोन पिचर एकमेकांसमोर उभे राहिले. सामना असतो सात इनिंगचा. सात झाल्या, शून्य-शून्य. दहा झाल्या, पंधरा झाल्या. दोघंही बदली पिचर घ्यायला तयार नाहीत. विसाव्या इनिंगला अमेरिका १-० ने जिंकली. "स्कोअरबुकाची पानं संपली," आजी म्हणाल्या, "मग माझ्या भावाने सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं." पुढे अंतिम फेरीच्या वेळी हटचा पाऊस आला. आला म्हणजे थांबेचना. शेवटी सामना झालाच नाही, आणि न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडा तिघांना मिळून विजेते जाहीर करून टाकलं. "पहिल्यांदा जगज्जेते झालो ते छत्री घेऊन," आजी म्हणतात आणि स्वतःच हसतात. ते पाकीट त्यांच्या घरी कुठल्यातरी खणात आहे म्हणे. मी ते बघायला मागितलं, तर म्हणाल्या, शोधावं लागेल.

२०२५ च्या जुलैत कॅनडातल्या प्रिन्स अल्बर्टला विश्वचषक झाला. आमच्या पिचरचं नाव शेवटच्या यादीत आलं नव्हतं. त्याने मला ते सांगितलं, तेव्हा मी फॉर्म भरायला बसलेच होते, तेवढं काम कमी झालं. ब्लॅक सॉक्स अंतिम फेरीत पोचले. तो गोदामात, फोर्कलिफ्टच्या सीटवर बसून फोनवर सामना बघत होता, मी आणि हिशोबखात्यातला तो लोकरवाला गृहस्थ (तो आता पक्का सॉफ्टबॉलवाला झालाय) दोन्ही बाजूंनी वाकून. व्हेनेझुएला जिंकली, त्यांचं ते पहिलंच विजेतेपद. शेवटचा बॅटर बाद झाल्यावर पिचरने फोन खिशात टाकला, म्हणाला, "ते जास्त चांगले खेळले," आणि प्लायवूडची रास उचलायला गेला. जगात दुसरा क्रमांक. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत सगळे जण रग्बीवर बोलत होते. लोकरवाल्याने मध्येच म्हटलं, "सॉफ्टबॉलची फायनल कोणी बघितली का?" एकीने विचारलं, "ऑलिम्पिक आहे का आत्ता?"

आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. एकाचं ऑपरेशन ठरलंय, दुसऱ्याचं नंतर. गेल्या मोसमाच्या शेवटी त्यांनी न विचारता स्कोअरबुक माझ्या मांडीवर ठेवलं आणि रबर लावलेल्या पेन्सिली दिल्या. शेजारी बसून त्या नुसत्या आवाजावरून सांगतात, "राइजबॉल. फिरवला. सुलटा के." बहुतेक वेळा बरोबर असतं. माझे उलटे के अजून थोडे तिरके येतात, आणि वाऱ्यात पान धरायला दोन हात पुरत नाहीत. राइट फील्डला चेंडू गेला की मात्र मी इमानदारीने लिहिते.

या शनिवारी दोन सामने आहेत, पहिला साडेदहाला. अंदाज दक्षिणेच्या वाऱ्याचा आणि पावसाचा आहे. चिमटे जास्तीचे घेतलेत, आणि एक प्लॅस्टिकची पिशवी.